बरगे कधी टाकायचे? एका नदीच्या कॅलिब्रेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

नदीचं नाव सांगत नाही. वर्धेला मिळणाऱ्या अनेक उपनद्यांपैकी ती एक, एवढं पुरे. पश्चिम विदर्भातला मुलूख. खाली बेसाल्ट, त्यावर मुरूम, आणि नदीकाठच्या वावरांत दोन-तीन मीटर खोल काळी माती. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर. ओलिताची सोय असेल तिथे हरभरा आणि गहू. नदीची पातळी जिथे मोजतात त्या गेजपर्यंत पाणलोट क्षेत्र ३८० चौरस किलोमीटर, मुख्य प्रवाहाची लांबी ४६ किलोमीटर, माथ्यापासून गेजपर्यंतची उतरण साधारण १८० मीटर.

गेजच्या खाली चार कोल्हापुरी बंधारे आहेत. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: नदीच्या पात्रात ओळीने खांब, खांबांना खाचा, आणि त्या खाचांत बसवायच्या लोखंडी फळ्या. या फळ्या म्हणजे बरगे. पावसाळाभर ते काढून ठेवलेले असतात, पूर खांबांमधून निघून जातो. पाऊस सरला की बरगे टाकायचे, नदीचं उरलंसुरलं वाहतं पाणी अडवायचं आणि त्यावर रब्बी काढायची. चारही बंधाऱ्यांचा मिळून साठा १.९ दलघमी, म्हणजे १९ लाख घनमीटर.

बरगे टाकायचा इथला रिवाज १५ ऑक्टोबरचा. तोवर मान्सून परतलेला असतो, पुराची धास्ती नसते. पण बऱ्याच वर्षांपासून चौथा बंधारा भरतच नव्हता आणि तिसरा अर्ध्यावर राहत होता. चारही पाणी वापर संस्था एकत्र आल्या आणि त्यांनी एकच विचारलं: बरगे नेमके कधी टाकायचे? लवकर टाकले आणि सप्टेंबरअखेर पूर आला तर बरगे वाहून जातात, काठची तूर बुडते. चढत्या पाण्यात बरगे हाताने काढता येत नाहीत, तो नाद कुणी करतही नाही. उशीर केला तर पाणी निघून गेलेलं असतं.

एका संस्थेने निधी दिला आणि पर्जन्य-अपधाव मॉडेल, म्हणजे पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून नदीत येईल हे सांगणारं, उभं करायचं काम आमच्या तिघांच्या गटाकडे आलं. करारात एक अट होती: कॅलिब्रेशनचा नॅश-सटक्लिफ गुणांक, म्हणजे मॉडेल मोजलेल्या आकड्यांशी किती जुळतं याचं माप, किमान ०.७५ हवा. ही अट मीच वाचून मान्य केली होती. पुढे ती बरीच महागात पडली.

मॉडेल आणि पहिलं कॅलिब्रेशन

सॉफ्टवेअर म्हणून एचईसी-एचएमएस घेतलं. अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाचं आहे, फुकट मिळतं, आणि आपल्याकडच्या पाटबंधारे अभियंत्यांच्या हाताला सवयीचं आहे. मॉडेलला पाऊस द्यायचा, ते नदीचा विसर्ग देतं. मधे काही खुंट्या असतात: माती किती पाणी पिते, भरल्यावर किती वेगाने मुरवते, पाऊस पडल्यापासून पाणी गेजला यायला किती तास लागतात, आणि पाऊस थांबल्यावर नदी कोणत्या वेगाने आटते. या खुंट्या पिळून मॉडेलचा विसर्ग मोजलेल्या विसर्गाशी जुळवणं, म्हणजे कॅलिब्रेशन.

पावसाचे आकडे चार पर्जन्यमापकांचे होते. २०१० ते २०१६ रोजचा पाऊस एका फाइलमध्ये आणि २०१७ पासून महसूल मंडळांतल्या स्वयंचलित केंद्रांचा तासातासाचा. ३८० चौरस किलोमीटरला चार मापकं वाईट नाहीत. भारतीय मानक सपाट प्रदेशात ५२० चौरस किलोमीटरला एक म्हणतं. गेजची पातळी पावसाळ्यात दर तासाला आणि एरवी दिवसातून तीनदा घेतलेली. २०१०–२०१६ वर कॅलिब्रेशन आणि २०१७–२०१९ वर पडताळणी, असं ठरलं.

संगणकाला खुंट्या आपोआप पिळायला लावल्या. रात्रभर चाललं आणि सकाळी गुणांक ०.८१. आमच्यातल्या सगळ्यात तरुण इंजिनिअरने आलेखाचा फोटो गटावर टाकला, खाली पेढ्याचं चित्र. मीही अंगठा दाखवला. ते पेढे आम्ही खरोखर आणले होते, हेही सांगायला हवं.

अडचण

पडताळणीत तोच गुणांक ०.४६ वर आला.

थोडी घसरण होतेच. जी वर्षं मॉडेलने पाहिलेली नाहीत तिथे ते कमी पडणार. पण अशी निम्मी नाही. मग कॅलिब्रेशनने निवडलेल्या खुंट्यांचे आकडे नीट पाहिले. हे खरं तर पेढ्यांच्या आधी करायचं काम.

पहिला खटकला तो लॅग, म्हणजे पाऊस आणि पुराचा शेंडा यांतलं अंतर. संगणकाने ३१ तास काढले होते. ४६ किलोमीटरच्या नदीला ३१ तास? किर्पिचच्या सूत्राने पाणलोटाचा संकेंद्रण काळ, म्हणजे सगळ्यात दूरचं पाणी गेजला पोचायला लागणारा वेळ, पावणेअकरा तासांच्या आसपास येतो आणि लॅग त्याच्या ०.६ पट धरला तर साडेसहा तास. सूत्रावर विश्वास नसेल तर नदीकाठच्या कोणालाही विचारा. वरच्या डोंगराकडे संध्याकाळी काळं झालं की पहाटेला रपटा बंद, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे.

दुसरं, वर्षाचा हिशेब. या पाणलोटावर सरासरी ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर आमच्या विसर्गाच्या आकड्यांप्रमाणे त्यातला ४७ टक्के नदीतून वाहून जात होता. इथे एक जुनी मोजपट्टी हाताशी होती. अलेक्झांडर बिनी या इंग्रज अभियंत्याने १८६९ ते १८७२ या काळात नागपूरजवळच्या १६ चौरस किलोमीटरच्या एका पाणलोटावर पाऊस आणि येवा, म्हणजे त्यातून वाहून आलेलं पाणी, दोन्ही मोजले आणि त्यावरून टक्केवारीचा तक्ता तयार केला. मध्य प्रदेश आणि विदर्भासाठी तो अजून पाठ्यपुस्तकांत छापतात. त्यात ९०० मिलिमीटर पावसाला येवा ३४ टक्के. दीडशे वर्षांत वर शेततळी झाली, नाल्यांवर सिमेंट बंधारे झाले, म्हणजे येवा त्याहून कमीच हवा. आमचा ४७.

तिसरं तर सरळ अशक्य होतं. एका मोठ्या पुरात पाणलोटावर सरासरी पाऊस ११८ मिलिमीटर, म्हणजे ४४.८ दलघमी पाणी. गेजवरून गेलेलं पाणी मात्र ४९.८ दलघमी. आभाळातून पडलं त्याहून जास्त नदीतून गेलं. मापकांच्या मधल्या जागेत ढग जास्त बरसला असेल, ही शंका रास्त आहे आणि ती आम्ही धरूनही ठेवली. पण तसं एकदा होईल, दर मोठ्या पुरात नाही.

गेजवरचा दिवस

मे महिन्यात गेजवर गेलो. गेज म्हणजे काठावर पायऱ्यापायऱ्यांनी उभ्या केलेल्या रंगवलेल्या पट्ट्या आणि शेजारी पत्र्याची खोली. गेज वाचणारे काका सतरा-अठरा वर्षं हेच काम करत होते, रोजंदारीवर. त्यांनी लोखंडी पेटीतून वह्या काढल्या. वरचं पान उंदरांनी कुरतडलेलं, आतली सगळी शाबूत.

एक वही मी चाळत होते. डाव्या रकान्यात तारीख, मग वेळ, मग पातळी, आणि उजव्या टोकाला 'शेरा'. ऑक्टोबरच्या पानावर १६ तारखेपुढे शेऱ्यात निळ्या शाईत लिहिलं होतं: 'ब. टा.' त्याच्या आधी पातळी ०.६०, ०.५८, ०.५५ अशी उतरत होती. १६ च्या दुपारी ०.७२. दुसऱ्या दिवशी ०.९५. मग १.१० वर येऊन थांबली आणि जवळजवळ डिसेंबरपर्यंत तिथेच.

मी विचारलं, 'काका, ब. टा. म्हणजे?'

'बरगे टाकले, मॅडम. खाली बरगे टाकले का इथं डोह होते. मंग पानी चढते, वाहत नाही.'

'मग तुम्ही हे ऑफिसात सांगितलं नाही?'

'काहून सांगू? लिवलं ना वहीत.'

आणि खरंच, दर वर्षी लिहिलेलं होतं. २०१२ साली पहिला बंधारा झाला तेव्हापासून प्रत्येक वहीत, ऑक्टोबरच्या मध्यावर, त्याच दोन अक्षरांत. आकडे संगणकात भरताना तारीख, वेळ आणि पातळी एवढेच रकाने घेतले गेले होते. शेऱ्याचा रकाना भरायला जागाच नव्हती.

याचा अर्थ उलगडायला मला परतीच्या वाटेवर अर्धा तास लागला. पातळीवरून विसर्ग काढायचा वक्र असतो: एवढी पातळी म्हणजे एवढे क्युमेक, सेकंदाला एवढे घनमीटर. तो वक्र मोकळ्या नदीसाठी बनवलेला असतो. खाली बरगे टाकले की बंधाऱ्याचं पाणी मागे गेजपर्यंत फुगतं. पट्टीवर १.१० मीटर दिसतं, वक्र ते वाचून विसर्ग सांगतो, आणि प्रत्यक्षात पाणी हलतही नसतं. नदी किती हळू आटते हे मॉडेल ज्या आकड्यांवरून शिकलं, त्यांतले बरेच आकडे उभ्या पाण्याचे होते. आणि शेतकऱ्यांचा प्रश्न नेमका त्याच खुंटीवर टांगलेला.

तारखेचा घोळ

३१ तासांचं कोडं फोनवर सुटलं. पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजतात. आज सकाळी मोजलेला पाऊस काल साडेआठ ते आज साडेआठ या चोवीस तासांत पडलेला असतो आणि तो आजच्या तारखेला लिहितात. ही देशभरची रीत. आमची फाइल ज्याने भरली होती तो भला माणूस म्हणाला, 'पाऊस तर काल पडला ना, मंग कालचीच तारीख टाकाची.' तर्क बिनतोड आहे. फक्त आम्ही मॉडेलला सांगितलं होतं की तारीख मोजणीच्या सकाळची आहे. त्यामुळे २०१० ते २०१६ चा सगळा पाऊस मॉडेलच्या लेखी एक दिवस आधी पडला. संगणकाने निमूटपणे लॅगमध्ये चोवीस तास मिळवले. ७ अधिक २४, ३१.

खात्रीसाठी एक पूर काढून बघितला. फाइलमध्ये ८४ मिलिमीटर ३१ जुलैच्या नावावर; एका मापकाच्या मूळ वहीत तोच आकडा १ ऑगस्टच्या सकाळी. काकांच्या वहीत नदी १ ऑगस्टला पहाटे चढली. २०१७ नंतरचे स्वयंचलित केंद्रांचे आकडे बरोबर तासांवर होते, म्हणून पडताळणीत प्रत्येक शेंडा एक दिवस उशिरा येत होता. ०.४६ पर्यंतच्या घसरणीचा बहुतेक वाटा यातलाच.

मग ०.८१ आलंच कसं

नॅश आणि सटक्लिफ यांनी १९७० साली मांडलेला गुणांक चुकांचे वर्ग करून बेरजा करतो. मॉडेल तंतोतंत जुळलं तर १. नुसती सरासरी सांगण्याइतकंच उपयोगी असेल तर शून्य. त्याहून वाईट असेल तर उणे. पण वर्ग केल्यामुळे मोठ्या चुका राक्षसासारख्या वाढतात. पुराच्या एका दिवशी १०० क्युमेकची चूक झाली तर तिचा वर्ग १०,०००. ऑक्टोबरातल्या एका दिवशी एक क्युमेकची चूक झाली तर वर्ग १. म्हणजे ऑक्टोबरातल्या चुका पुराच्या त्या एकाच चुकीच्या तोडीला यायला रोज एक क्युमेक असं सत्तावीस वर्षं चुकावं लागेल. सात वर्षांच्या अडीच हजार दिवसांत चाळीसेक पुराचे दिवस होते. गुणांक खरा त्यांचाच होता. तारखेची चूक लॅगने झाकली, डोहाची चूक वर्गाने झाकली, आणि आम्हाला पेढे मिळाले.

सप्टेंबरातली नदी मॉडेलपेक्षा भराभर उतरते हे आलेखात तेव्हाही दिसत होतं. शेंडे जुळत होते म्हणून आम्ही तिकडे बघितलं नाही.

पर्याय

पहिला पर्याय अहवाल आहे तसा देण्याचा. अट ०.७५ ची, आपले ०.८१, पडताळणीचा आकडा परिशिष्टात. आमच्यातल्या एकाने हे मांडलं आणि त्याला मी आळशी म्हणणार नाही. त्याचं म्हणणं, लॅग दुरुस्त करू, पुराच्या सूचनेसाठी मॉडेल चालेल, बरग्यांचं पुढच्या टप्प्यात पाहू. पण पुढचा टप्पा मंजूर नव्हता, आणि लोकांनी पुराचं विचारलंच नव्हतं.

दुसरा, मॉडेल बाजूला ठेवून बिनी किंवा तशाच स्ट्रेंजच्या तक्त्यावर हिशेब करायचा. वर्षाच्या येव्याला ते ठीक. पण तक्ता टक्के सांगतो, तारीख सांगत नाही. आम्ही तो तराजू म्हणून ठेवला.

तिसरा, गेजवर नवा सेन्सर बसवून दोन-तीन वर्षं थांबायचं. पैसे नव्हते. असते तरी थांबायला कोणी तयार नव्हतं.

चौथा, आकडे दुरुस्त करून, नदी स्वतः मोजून, पुन्हा कॅलिब्रेशन. यात एक पावसाळा जाणार होता आणि गुणांक ०.७५ च्या खाली यायची दाट शक्यता होती. हाच घेतला. निधी देणाऱ्यांना मात्र लगेच कळवलं नाही; 'आकडे आधी नीट होऊ देत' म्हणून मी ते पुढे ढकललं. या प्रकरणातला माझा सगळ्यात वाईट निर्णय तोच.

काय केलं

वह्यांची पानं फोटो काढून घेतली आणि शेऱ्याचा रकाना हाताने भरला. दोघींनी सहा दिवस. 'ब. टा.' पासून पुढच्या 'ब. का.', म्हणजे बरगे काढले, पर्यंतचे सगळे दिवस तुलनेतून काढून टाकले. ते आकडे खोटे नव्हते, पण विसर्ग सांगत नव्हते. पावसाच्या तारखा एक दिवस पुढे सरकवल्या.

मग पुराचा वक्र. पाण्याचा वेग मोजणाऱ्या करंट मीटरने मोजमाप ३.१ मीटर पातळीपर्यंतच झालेलं. त्यावरचा वक्र कागदावर ओढून वाढवलेला. प्रत्यक्षात साधारण साडेचार मीटरनंतर पाणी डाव्या काठावरून वावरांत पसरतं आणि तिथे पऱ्हाटीतून रांगत जातं. त्याला पात्राचा वेग लावल्याने विसर्ग फुगत होता. पुराच्या खुणा आणि पात्राचे छेद घेऊन मॅनिंगच्या सूत्राने, जे उतार आणि खडबडीतपणावरून पाण्याचा वेग देतं, पात्र वेगळं, वावर वेगळं असा हिशेब केला. अचूक नाही, पण पावसाहून जास्त पाणी येणं थांबलं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात आम्ही नदी स्वतः मोजली. गेजच्या दीड किलोमीटर वर एक पाथर आहे, नदी तिथे खडकातून अरुंद होऊन जाते आणि बंधाऱ्याचा फुगवटा तिथवर पोचत नाही. चार-पाच दिवसांनी एकदा, गुडघाभर पाण्यात उभं राहून, लहान मीटरने. १८ सप्टेंबरला विसर्ग २.४ क्युमेक. मधे पाऊस नाही. ८ ऑक्टोबरला ०.९.

वीस दिवसांत २.४ चं ०.९, म्हणजे रोज आदल्या दिवसाच्या ०.९५२ पट. या चालीने नदीचं पाणी चौदा दिवसांत निम्मं होतं. आमच्या जुन्या कॅलिब्रेशनमधला आकडा ०.९८५ होता, त्याने निम्मं व्हायला सेहेचाळीस दिवस. डोहाचा आटण्याचा वेग तो, नदीचा नव्हे.

आता शेतकऱ्यांच्या प्रश्नाशी हे जोडून बघा. जुन्या मॉडेलप्रमाणे १५ ऑक्टोबरला नदीत १.६ क्युमेक असतात आणि पुढे एकूण नऊ दलघमी पाणी यायचं असतं. बंधारे १.९ चे. मग घाई कशाला? मोजलेल्या चालीप्रमाणे त्याच तारखेला ०.६४ क्युमेक उरतात आणि पुढे येणारं सगळं पाणी मिळून १.१ दलघमी. बंधारे भरणं शक्यच नाही. १.९ दलघमी हवे असतील तर बरगे १.१ क्युमेक असतानाच पडायला हवेत. त्या वर्षी ती वेळ ४ ऑक्टोबरला आली. बाष्पीभवन आणि वरच्या मोटरी धरल्या तर आणखी आठवडाभर आधी. म्हणजे हस्त लागता लागता.

जूनकडेही थोडं लक्ष दिलं. उन्हाळ्यात काळी जमीन हात जाईल इतकी भेगाळते, आणि पहिला पाऊस त्या भेगांत जातो. कर्व्ह नंबर पद्धतीत जमिनीला एक आकडा देऊन पावसातून अपधाव काढतात; जमीन जास्तीत जास्त किती पाणी धरेल ते एस, आणि पाणी वाहू लागण्याआधी जिरतं ती प्रारंभिक तूट. भारतात काळ्या मातीसाठी ती ०.१ एस धरतात, पण जमीन कोरडी असेल तेव्हा ०.३ एस. या फरकाचं वजन किती? जूनमधल्या एका ७४ मिलिमीटर पावसाला ओलसर अवस्थेचा कर्व्ह नंबर ८० आणि ०.१ लावला तर अपधाव ३५ मिलिमीटर. कोरड्या अवस्थेचा ६४ आणि ०.३ लावला तर सहाच्या आत. काकांच्या वहीत त्या दिवशी नदी हललीही नव्हती. मॉडेलमधली तुटीची पद्धत वेगळी आहे, पण सुरुवातीची तूट किती ठेवायची याचा अंदाज यावरून घेतला.

शेवटी पुन्हा कॅलिब्रेशन, या वेळी टप्प्याने आणि हाताने: आधी वर्षाचं पाणी, मग तास, मग आटण्याची चाल. आटण्याची खुंटी मोजमापावर पक्की बांधली आणि संगणकाला तिला हात लावू दिला नाही.

निकाल

गुणांक कॅलिब्रेशनमध्ये ०.७२, पडताळणीत ०.६९. वर्षाचा येवा ३१ टक्के. लॅग सात तास. विसर्गाचा लॉगरिदम घेऊन काढलेला गुणांक, ज्यात लहान प्रवाहांनाही वजन मिळतं, ०.३८ वरून ०.७४.

निधी देणाऱ्या संस्थेने ०.७२ पाहिला आणि शेवटचा हप्ता थांबवला. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. अट लिहिलेली होती आणि मी सही केली होती. ०.७५ हा आकडा बहुधा २००७ सालच्या मोरियासी आणि सहकाऱ्यांच्या निकषांतून आला असावा. तिथे तो महिन्याच्या विसर्गासाठी 'अतिशय चांगला' म्हणून आहे, आमची तुलना रोजची होती. हे पटवायला दोन बैठका लागल्या. दुसऱ्या बैठकीत काकांच्या वहीचा फोटो दाखवला, तेव्हा आलेखांपेक्षा लवकर काम झालं. पैसे चार महिने उशिरा आले.

गावांना मॉडेल दिलं नाही. पाथरावर पेंटने दोन खुणा केल्या. पाणी वरच्या खुणेखाली उतरलं, म्हणजे दीड क्युमेकच्या आत आलं, की अर्ध्या उंचीपर्यंत बरगे. खालच्या खुणेला, १.१ क्युमेकला, पूर्ण. मधे वर जोराचा पाऊस झाला तर मॉडेल चालवून आम्ही फोन करायचा. सात तास हातात.

पहिल्या हंगामात वरची खूण २४ सप्टेंबरला उघडी पडली. अर्धे बरगे पडले. हस्ताचा पाऊस त्यांच्यावरून निघून गेला. खालची खूण ११ ऑक्टोबरला आली, पूर्ण बरगे टाकले, आणि महिनाअखेर तीन बंधारे भरले, चौथा निम्मा. तिसऱ्यापर्यंत हरभऱ्याला डिसेंबरअखेर ओलीत मिळालं. त्या वर्षी परतीचा पाऊसही बरा होता, म्हणून सगळं श्रेय खुणांना देत नाही.

दुसऱ्या हंगामात अर्धे बरगे असतानाच सप्टेंबरच्या शेवटी रात्री पूर आला. फोन साडेपाच तास आधी गेला होता. पण अंधारात फोनने काय होणार? जनावरं आणि मोटरी वर काढल्या, तेवढं झालं. दुसऱ्या बंधाऱ्याचे नऊ बरगे गेले आणि शेजारच्या एका वावराची कड तुरीसकट खरडून गेली. त्या शेतकऱ्याचा सवाल साधा होता: 'पंधरा तारखेपर्यंत थांबले असते तं माही तूर राह्यली असती. भरपाई कोण देते?' तीन बंधाऱ्यांना फायदा आणि एका वावराला तोटा, हा हिशेब आम्ही मॉडेलमध्ये कुठेच मांडला नव्हता. संस्थांनी वर्गणी काढून थोडं दिलं. तो अजून नाराज आहे.

पुन्हा करायचं झालं तर

गेजवर पहिल्या आठवड्यात जाईन, मे महिन्याची वाट न बघता. आकडे कागदावरून संगणकात आले असतील तर मूळ कागदाचं निदान एक पान प्रत्येक वर्षाचं बघेन, आणि त्यातही शेरा आधी. पावसाचा आणि पातळीचा एकेक पूर शेजारी ठेवून तास जुळतात का हे कॅलिब्रेशनच्या आधी तपासेन. अर्ध्या दिवसाचं काम आहे. संगणकाने दिलेल्या खुंट्या गुणांकाच्या आधी वाचेन.

करारातली अट बदलून घेईन. ज्या प्रश्नासाठी मॉडेल आहे त्या प्रश्नावर गुणांक काढायचा: बरग्यांसाठी असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आटण्यावर. आणि गुणांक घसरणार असं दिसलं त्याच दिवशी निधी देणाऱ्यांना फोन.

अर्ध्या बरग्यांचा निर्णय घेण्याआधी नुकसान कोणी सोसायचं हे चारही संस्थांकडून लिहून घेईन. आम्ही तो गावाचा प्रश्न समजून सोडून दिला, पण खुणा तर आम्हीच रंगवल्या होत्या.

चौथ्या बंधाऱ्याबद्दल एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. तिथे बरग्यांच्या चौदा फळ्या गेल्या कित्येक वर्षांपासून नाहीतच. भंगारात गेल्या असं सगळे म्हणतात, कोणी नेल्या ते कोणी सांगत नाही. त्या खाचांत पोती आणि माती भरतात आणि पाणी झिरपत राहतं.

काका गेल्या वर्षी घरी बसले. त्यांच्या जागी आलेला पोरगा मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये पातळी भरतो. फॉर्ममध्ये शेऱ्याचा रकाना नाही. तो घालून द्या म्हणून आम्ही अर्ज केला आहे. तोवर पोरगा 'ब. टा.' आम्हाला व्हॉट्सॲपवर कळवतो.